एक भाग ग्लिसरीन, चार भाग पाणी

कुलूप बोलतं, हे सरांनी पहिल्याच दिवशी मान्य करून टाकलं होतं. हल्ली इस्त्री सोडली तर घरातलं सगळंच काही ना काही बोलतं. पण कुलूप तोंडावर 'नाही' म्हणतं, आणि तेही आपल्याच घराचं, आपल्याच दाराला लावलेलं, हे पचनी पडायला त्यांना बराच वेळ लागला.

"ओळख पटली नाही," कुलूप म्हणालं. आवाज बाईचा होता, गोड होता, आणि त्यात खेदाचा लवलेशही नव्हता. "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

सरांनी पुन्हा प्रयत्न केला. एका खांद्याला उत्तरपत्रिकांची पिशवी, दुसऱ्या हातात भाजीची, आणि मोकळा राहिलेला तेवढा एक अंगठा त्या बशीएवढ्या काचेवर. त्यांनी अंगठा आधी हळूच ठेवला, मग दाबला, मग शर्टाला पुसून ठेवला, मग बेल वाजवतात तसा टेकवून चटकन उचलला. कुलपाचं मत बदललं नाही.

सर म्हणजे गणिताचे सर. हायस्कुलात अर्धं आयुष्य गेलेलं. त्या आयुष्यात त्यांनी किल्ल्या इतक्या ठिकाणी विसरल्या होत्या की त्यावर संभाव्यतेचा एक धडा सहज बेतता आला असता. स्टाफरूममध्ये, न्हाव्याकडे, आणि एकदा तर एका मुलाला कंपास परत करताना त्या डबीत. तो मुलगा प्रामाणिक निघाला म्हणून बरं. म्हणून दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीने, पहिली बढती मिळाल्याच्या आनंदात, हे अंगठ्याने उघडणारं कुलूप पाठवून दिलं. "खास तुमच्यासाठी आहे हं, बाबा," ती फोनवर म्हणाली, "किल्ली विसरलात तरी आता चालेल. स्वतःला तर कुठे विसरून येणार नाही ना?"

कुलूप बसवणारा माणूस रविवारी सकाळी आला तेव्हा सर नुकतेच आंघोळीहून बाहेर पडले होते. "अंगठा द्या," तो म्हणाला. सरांनी टॉवेल सावरत अंगठा दिला. नंतर वहिनींचा घेतला, नंतर आजींचा. वहिनी म्हणजे सरांची बायको; सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहेत, आणि सगळी इमारत त्यांना वहिनी म्हणते म्हणून आपणही म्हणू. आजी म्हणजे सरांची आई. त्यांना कमी ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं त्यावर त्यांचा फारसा विश्वास नसतो.

त्या रात्री लेकीचा फोन आला. "कसं आहे कुलूप? तुमचा अंगठा चालतो ना?"

"चालतो? पळतो!" सर म्हणाले. "एकदम फर्स्ट क्लास."

यात खोटं काहीच नव्हतं, कारण सरांनी तोपर्यंत कुलूप वापरलंच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशीही ते फर्स्ट क्लासच म्हणाले, तिसऱ्या दिवशीही. असत्याला चक्रवाढ व्याज लागतं हे गणिताच्या शिक्षकाला सांगायची गरज नाही. त्याला फक्त परतफेडीचा मार्ग सुचत नसतो. शिवाय लेक महिनाअखेरीस रजेवर येणार होती. "आले की आधी मला उघडून दाखवा," असंही म्हणाली होती. पोरीने हौसेनं पाठवलेली वस्तू नेमकी ज्याच्यासाठी पाठवली त्यालाच चालत नाही, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आता कुणी म्हणेल, अशा कुलपाला आकडे दाबायचीही सोय असते. असते. होती. लेकीने एक तीन तीन एक हा आकडा ठेवला होता, आणि तो सरांना इतका आवडला की त्यांना राहवलं नाही. पहिल्याच संध्याकाळी जिन्यात भेटेल त्याला ते सांगत सुटले, "उलटा वाचा, सुलटा वाचा, तोच! आणि गंमत म्हणजे अकराचा घन!" रात्रीपर्यंत सगळ्या इमारतीला सरांच्या दाराचा आकडा गुणधर्मांसकट पाठ झाला. तळमजल्यावरच्या काकूंनी वहिनींना गाठून, "अहो, तेवढा तुमचा घन बदला बाई," असं सुचवलं. लेकीच्या कानावर ते गेलं आणि तिने तिकडे बसल्या बसल्या आकड्यांची सोयच बंद करून टाकली. आणीबाणीसाठी एक साधी किल्लीही होती. ती हरवू नये म्हणून वहिनींनी कपाटात ठेवली होती. कपाट घरात होतं.

तर सर जिन्यात होते. वहिनी वाचनालय बंद करून दिवेलागणीनंतर यायच्या. आतून आजींच्या रेडिओचा आवाज येत होता, त्याअर्थी बेलचा आवाज आत पोचत नव्हता. सरांनी पायरीवर रुमाल पसरला, उत्तरपत्रिका काढल्या, आणि जणू मोकळ्या हवेत पेपर तपासायची आपली जुनीच सवय असावी अशा चेहऱ्याने ते बसून राहिले.

समोरचं दार उघडलं आणि वकीलसाहेब बाहेर आले. वकीलसाहेबांची प्रॅक्टिस बेताची होती, त्यामुळे त्यांच्याजवळ शेजारधर्माला भरपूर वेळ असे.

"काय सर, घेत नाही का आत?"

"घेतं हो. जरा तांत्रिक अडचण आहे."

"मी तीन दिवस बघतोय तुमची तांत्रिक अडचण. बघू तो अंगठा." वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, सरांचा अंगठा उजेडाकडे धरला आणि शिट्टी घातली. "सर, यावर काहीच नाही! कोरी पाटी! तुम्ही कुठे दरोडा टाकलात ना, तर पोलिसांना ठसा मिळणार नाही. मी तुमची केस डोळे मिटून जिंकेन."

"खडूमुळे झालंय ते," सर दुखावून म्हणाले.

आणि ते खरंच होतं. वर्षानुवर्षं खडू धरून आणि फळा पुसून सरांची बोटं वाळूतून काढलेल्या शेंगांसारखी झाली होती. कोरडी, पांढरट, टोकांना भेगा. उजव्या हातात खडू, डाव्या हातात डस्टर, त्यामुळे डावा अंगठाही काही वेगळं सांगत नव्हता. आंघोळीनंतर तासभर रेषा दिसायच्या. शाळा सुटेपर्यंत गायब. म्हणजे घर सरांना सकाळी ओळखायचं आणि संध्याकाळी विसरायचं. असे नातेवाईक पुष्कळांना असतात, पण त्यांच्यावर कुणी छप्पर टाकून राहत नाही.

सरांनी तिथे पायरीवर बसूनच कुलपाच्या कंपनीला फोन लावला. बरीच गाणी ऐकवल्यावर एक मुलगी आली.

"मालकाचं नाव सांगता?"

सरांनी लेकीचं नाव सांगितलं.

"मग मॅडमना फोन करायला सांगा ना, सर. दुसरं बोट नोंदवायला त्यांचीच परवानगी लागेल."

"त्यांना कळू द्यायचं नाहीये," सर आवाज खाली आणून म्हणाले.

मुलीचा आवाज एकदम सावध झाला. "म्हणजे सर, मालकाच्या नकळत तुम्हाला ते कुलूप उघडायचंय?"

"ठेवा, ठेवा फोन!" वकीलसाहेब कळवळून म्हणाले. "इथून पुढे एक शब्द बोलू नका. मी तुमचा वकील म्हणून सांगतोय."

आजींनी हा गुंता एका वाक्यात सोडवला. त्या स्वतः रोज फेरफटका मारून येत आणि दाराला अंगठा लावताच दार असं उघडे, जसं काही आत कुणी वाट बघत उभंच होतं. वयाने ऐंशीच्या पुढे, आणि अंगठा मात्र नकाशासारखा रेखीव. त्या रात्री त्यांनी मुलाचा हात हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "अरे, हा काय हात आहे का खवणी? ग्लिसरीन लाव. तुझे बाबा लावायचे."

सर शिक्षित माणूस. आईने सांगितलं म्हणून लावलं, असं ते करणार नव्हते. त्यांनी ग्लिसरीनचा अभ्यास केला. ते पाणी धरून ठेवतं. साबणात असतं, क्रीममध्ये असतं, शाम्पूमध्ये असतं, टूथपेस्टमध्ये असतं, खोकल्याच्या औषधात असतं, इतकंच काय, केकमध्येही असतं. बहुतेकांच्या कातडीला ते सोसतं आणि क्वचितच कुणाला त्रास होतो, हे सगळं त्यांनी वाचून काढलं. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. पुढे त्यांनी त्रैराशिक मांडलं. क्रीममध्ये ग्लिसरीन असतं चमचाभर, तरी हात मऊ होतात. तर मग नुसतं ग्लिसरीन लावलं, शंभर टक्के शुद्ध, तर अंगठा किती दिवसांत सुधारेल? उत्तर इतकं उत्साहवर्धक आलं की ते तसेच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन मोठी बाटली घेऊन आले.

"पाण्यात मिसळायचं असतं ना ते?" वहिनी म्हणाल्या.

"अगं, शुद्ध वस्तूत भेसळ कशाला?"

वहिनींनी पुस्तकातून डोकं वर काढलं, सरांकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातलं. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला कुठली चूक थांबवायची आणि कुठली होऊ द्यायची हे कळतं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा भेगांमध्ये असं चरचरलं की सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लागू पडतंय," ते म्हणाले. मग ते दिवसातून सात-आठ वेळा लावू लागले. शाळेतही एक छोटी बाटली खिशात असे.

त्याचे परिणाम शाळेत दिसायला वेळ लागला नाही. ग्लिसरीनवर खडूची भुकटी बसली की एक प्रकारचा लगदा तयार होतो, हे रसायनशास्त्राच्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. सरांनी फळ्यावर काढलेलं वर्तुळ त्यांच्या बाहीवर छापलं जाऊ लागलं. मुलांशी हस्तांदोलन केलं तर सुटायला थोडा वेळ लागे. उत्तरपत्रिका तर त्यांच्या हातांना अशा चिकटत की एक पान उलटायला गेलं की अख्खा वर्ग वर येई. दोन पेपर एकमेकांना चिकटले, सरांनी दोन्ही मिळून एकच बेरीज केली, आणि मागच्या बाकावरच्या एका पोराला शंभरपैकी एकशे सतरा मिळाले. मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून घेतलं.

"सर, तुमच्याकडून बेरीज?"

"बेरीज बरोबर आहे, मॅडम," सर ताठ मानेने म्हणाले. "मुलं दोन होती."

त्या पोराचे वडील मात्र पुढचे कितीतरी दिवस सरांना रस्त्यात वाकून नमस्कार करत राहिले.

अंगठा मऊ होण्याऐवजी आणखी कोरडा पडत चालला होता, हे सरांच्या लक्षात आलं होतं. पण प्रयोगाच्या मध्येच निष्कर्ष काढायचा नसतो. उलट वकीलसाहेबांनी, "केसांनाही उत्तम असतं म्हणे," एवढंच म्हटलं, तर सरांनी दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं ग्लिसरीन डोक्याला चोपडलं. सरांच्या डोक्यावर केस कमी आहेत, त्यामुळे ते प्रत्येकाची वैयक्तिक काळजी घेऊ शकतात. त्या डोक्याने ते स्कूटरवरून शाळेत गेले, आणि खोदकाम चाललेल्या रस्त्याने परत आले. वाटेतली सगळी धूळ डोक्यावर सन्मानाने येऊन बसली होती. फेरफटक्याहून परतणाऱ्या आजी दाराशी भेटल्या. त्यांनी मुलाचं पांढरं शुभ्र डोकं पाहिलं आणि गालाला हात लावला.

"असं काय झालं रे शाळेत?" त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी तर बरा होतास."

पण कळस पुढेच होता. त्याच संध्याकाळी सरांनी आईच्या आधी आपला अंगठा लावून पाहिला. मग मोठ्या आशेने इतर बोटंही. मग तळहात. कुलपाने सगळ्यांना नकार दिला. "हो बाजूला," म्हणत आजींनी आपला नकाशा काचेवर ठेवला.

"ओळख पटली नाही," कुलूप म्हणालं.

आजींना ते ऐकू आलं. हे विशेष. "कोणाची?" त्यांनी विचारलं.

काचेवर ग्लिसरीनचा असा जाड थर बसला होता की खुद्द कुलूप बनवणाऱ्याचीही ओळख पटली नसती. एवढ्यात वहिनी आल्या. त्यांनाही नाही. पाठोपाठ वकीलसाहेब उत्साहाने पुढे आले, तुमचं नसेल तर माझं बघू, म्हणत. त्यांनाही नाही, आणि त्यात निदान कुलपाची चूक नव्हती. कुटुंबप्रमुख, त्याची पत्नी, त्याची आई आणि त्याचा वकील, असे चौघे बंद दारासमोर उभे होते. वहिनींचा फोन वाजला. त्या दोन पायऱ्या खाली जाऊन तोंडावर हात धरून हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि परत आल्या.

"कोण?" सरांनी विचारलं.

"वाचनालयातून. आमच्या जिन्यात सहल आलीये, म्हटलं."

शेवटी आजींनीच पुढे होऊन, चष्म्यावर मारतात तशी, त्या काचेवर 'हाऽ' करून वाफ सोडली, पर्समधून रुमाल काढून ती दोनदा खसाखसा पुसली, आणि अंगठा टेकवला. दार उघडलं. आजी कुणाकडेही न बघता आत गेल्या आणि रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी सर नवी बाटली आणायला गेले. दुकानातल्या केमिस्ट बाई त्यांचीच विद्यार्थिनी. शाळेत असताना तिचं आणि गणिताचं फारसं सख्य नव्हतं. सरांनी तिला बाकावर उभं केलं होतं, हे दोघांनाही आठवत असे आणि दोघंही तो विषय काढत नसत.

"सर, एवढ्यात संपली? पिताबिता की काय?"

"लावतो," सर म्हणाले आणि त्यांनी हात काउंटरवर ठेवला. ती बघतच राहिली.

"नुसतं लावता? पाणी न घालता?"

"शंभर टक्के शुद्ध आहे ते."

"म्हणूनच तर!" ती म्हणाली. "सर, ग्लिसरीन पाणी ओढतं. बरोबर? आता हवा कोरडी आहे. हवेत पाणीच नाही, तर ते ओढणार कुठून? खालून ओढणार. तुमच्याच कातडीतलं. तुम्ही स्वतःलाच वाळवताय, सर."

सरांनी तिचं म्हणणं पायरी पायरीने तपासलं. युक्तिवादात फट सापडेना.

"एक भाग ग्लिसरीन, चार भाग पाणी," ती म्हणाली. "हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे नाहीत, ओलसर असतानाच लावायचं. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, म्हणजे आलेलं पाणी उडणार नाही. भेगा उघड्या आहेत तिथे तूर्त नुसती जेली, नाहीतर आग होईल."

"झाली."

"होणारच. आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांबा. तशी ही फार गरीब वस्तू आहे, तान्ह्या बाळाच्या क्रीममध्येसुद्धा असते, पण एखाद्याला नाही सोसत. जमिनीवर सांडू नका, घसराल. मिसळून ठेवलेलं चार-पाच दिवसांत संपवा, नाहीतर टाकून द्या. खडूला कागद गुंडाळत जा."

"आणि डोक्याला?" सरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ हसू आवरलं. "शाम्पूनंतर मगभर पाण्यात थेंब-दोन थेंब. केसांच्या टोकांना. टाळूला नाही. आणि लावल्यावर स्कूटर नाही." मग बाटली कागदात गुंडाळत ती म्हणाली, "सर, गुणोत्तर चुकलं हो तुमचं."

सर दुकानातून बाहेर पडले ते अर्धे अपमानित आणि अर्धे कृतार्थ. मुलगी शेवटी गुणोत्तर शिकली होती. जरा उशिरा, पण पक्कं.

यानंतर आठवडाभर सर शहाण्यासारखे वागले. कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. मग खडूला कागद, हात धुतले की एकास चार, वरून जेली. शाळेत मुलं म्हणू लागली, सरांचे हात चमकतात. सरांना ते न आवडल्यासारखं दाखवावं लागलं. भेगा भरू लागल्या. एका सकाळी उजेडात अंगठा धरला तर त्यावर गोल गोल, एकात एक, झाडाच्या खोडात असतात तशा रेषा. सरांनी त्या कितीतरी वेळ पाहिल्या. आपला अंगठा इतका देखणा आहे, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ते दाराशी आले. जिन्यात कुणी नव्हतं, ही एक चुटपूट लागली. त्यांनी अंगठा ठेवला.

कुलूप काही बोललं नाही. फक्त खट् झालं आणि दार उघडलं.

सर आत गेले. आजी आराम खुर्चीत पेंगत होत्या. वहिनींच्या वाचनालयात पुस्तकांची वार्षिक मोजणी होती, त्या उशिरा येणार होत्या. हा विजय पाहायला जागं असं कुणीच नव्हतं. सर पुन्हा बाहेर आले, दार ओढलं, अंगठा लावला, आत गेले. पुन्हा बाहेर. शेवटी स्वतःचीच लाज वाटून त्यांनी चहा ठेवला, आणि ऐटीत खुर्चीत बसून पहिला घोट घेतला तोच बेल वाजली, आणि वाजतच राहिली.

दारात वकीलसाहेब. पायांत वेगवेगळ्या चपला, कानाला फोन.

"सर! तुम्ही घरी आहात?"

"मग कुठे आहे?"

"तुम्ही घरी आलाच नाहीत अशी माहिती आहे," वकीलसाहेब धापा टाकत म्हणाले. "शाळेला फोन झाला, वहिनींना झाला, त्या उचलत नाहीत. तुमचा तर बंदच!" सरांचा फोन वर्गात जाताना बंद केलेला तसाच खिशात होता. वकीलसाहेबांनी फोनमध्ये सांगितलं, "सापडले! घे, हरवलेली व्यक्ती स्वतः बोलतेय."

"बाबा!" पलीकडे लेक. आवाज असा की सरांनी कप खाली ठेवला. "कुठे होतात तुम्ही?"

"अगं, घरात. मघाच आलो."

"मग कुलूप कसं काही म्हणालं नाही?"

"काय म्हणायचं त्याने?"

"'अनोळखी व्यक्ती दाराशी आहे!' रोज येतं ना मला! आज आलंच नाही. मला वाटलं, स्कूटरवरून..."

सरांना हळूहळू उलगडा झाला तो असा. कुणालाही नाकारलं की ते कुलूप लेकीच्या फोनवर तसं कळवायचं. स्वीकारलं तर गप्प. म्हणजे पहिल्या दिवसापासून रोज संध्याकाळी, सर जिन्यात उभे राहून वेगवेगळ्या कोनांतून अंगठा टेकवत असताना, दूरच्या शहरात एका ऑफिसातल्या टेबलावर फोन घरघरत होता.

"म्हणजे तुला सगळं माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी रोज फर्स्ट क्लास म्हणत होतो तेव्हा..."

"मी फोन लांब धरून हसत होते," ती नाक ओढत म्हणाली. "आई म्हणाली, राहू दे, त्यांना स्वतःहून सांगू दे. त्या दिवशी तर इतक्यांदा वाजला की मी आईला फोन केला. आई म्हणते, जिन्यात सहल आलीये."

वकीलसाहेब जिन्याच्या कठड्याकडे बघत, काहीच ऐकू येत नसल्याचा उत्तम अभिनय करत होते.

"आमच्या इथे सगळ्यांना माहितीये, बाबा. फोन घरघरला की शेजारची म्हणते, बघ गं, तुझा अनोळखी आला. मग मी उठते, चहा घेते. वाटतं, चला, बाबा पोचले. बरं झालं अंगठा चालायला लागला. तुम्हाला किती त्रास. आता नाही वाजणार, एवढंच."

"मी फोन करत जाईन ना पोचल्यावर."

"तुम्ही?" लेक म्हणाली. "फोन चालू करायला आठवण राहणार तुम्हाला?"

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच होतं, त्यामुळे सरांनी ते दिलं नाही. इकडतिकडचं बोलून त्यांनी फोन वकीलसाहेबांना परत केला. चहा गार झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला आणि रात्री वहिनी आल्यावर, "सहल कधी गेली?" एवढंच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "जेवून गेली." यावर दोघांत जास्त चर्चा झाली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सर जिना चढून आले. हात निघतानाच, शाळेच्या नळावर, धुऊन झाले होते. एकास चार लावून झालं होतं, वरून जेली. अंगठ्यावरची प्रत्येक रेषा मोजून घ्यावी अशी स्पष्ट होती. समोर वकीलसाहेब वर्तमानपत्र घेऊन दारातच बसले होते.

सरांनी पिशवी खाली ठेवली. बाही वर सरकवली. आणि हाताची मूठ करून मधल्या बोटाचं पेर काचेवर टेकवलं.

"ओळख पटली नाही," कुलूप म्हणालं.

सर तसेच उभे राहिले. दूर कुठेतरी एक फोन टेबलावर घरघरला असेल, शेजारची काहीतरी म्हणाली असेल, कुणीतरी चहाला उठलं असेल, एवढा वेळ त्यांनी जाऊ दिला. मग अंगठा लावून दार उघडलं.

"काय हो सर," वकीलसाहेब वर्तमानपत्राआडून म्हणाले, "पुन्हा बिघडला का अंगठा?"

"छे," पिशवी उचलत सर म्हणाले. "हजेरी लावली."